इनडोअर हॉकीला आपल्याकडे छप्पर मिळेल का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रोएशियातील पोरेच या गावी महिलांच्या इनडोअर हॉकी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि ऑस्ट्रियाला हरवून पोलंडने हे विजेतेपद प्रथमच पटकावले. ही बातमी मराठी क्रीडापानांवर निदान माझ्या तरी पाहण्यात आली नाही. भारताचा संघ या स्पर्धेत नव्हता, हे त्याचे उघड कारण. किंबहुना २००३ साली जर्मनीतील लाइपझिग येथे ही स्पर्धा सुरू झाल्यापासून आपला महिला संघ तिच्यात एकदाही उतरलेला नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सहा संघांच्या त्या स्पर्धेत आपल्या मुलींनी पोलंड आणि ऑस्ट्रिया या दोघांनाही पराभूत केले होते. मैदानी हॉकीत हे दोन्ही देश आजही आपल्या मागेच आहेत. मात्र छपराखालच्या हॉकीत ते विश्वचषकाच्या अंतिम फेरीत समोरासमोर उभे राहतात आणि आपण तिथे पात्रता मिळवण्याचाही विचार करीत नाही, हे मला खटकते.

युरोपात हा खेळ रुजला तो हवामानामुळे. हिवाळ्यात मैदाने गोठतात, म्हणून १९५० च्या दशकात जर्मन क्लबांनी सभागृहात खेळायला सुरुवात केली आणि तडजोड म्हणून आलेल्या या प्रकाराने पुढे स्वतःचे कौशल्य घडवले. येथे प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहाच खेळाडू असतात आणि चेंडूला फटका मारण्यास मनाई असते. तो केवळ ढकलायचा, आणि गोलवर मारताना वगळता जमिनीवरून उचलायचाही नाही. दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटर उंचीच्या फळ्या लावलेल्या असतात व त्यांवर आपटून परत येणारा चेंडू हा पासचाच एक प्रकार मानला जातो. बचाव करणारी मुलगी कमरेत पूर्ण वाकून स्टिक फरशीवर आडवी टेकवते. तिच्या डाव्या हातात जाड मोजा नसेल तर बोटांची सालटी निघालीच म्हणून समजा. एवढ्याशा जागेत चेंडू मिळाल्यावर विचार करायला क्षणभरच मिळतो, त्यामुळे पहिला स्पर्श कच्चा असलेला खेळाडू लगेच उघडा पडतो. जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या मैदानी संघांतील खेळाडूंचे जवळून खेळताना दिसणारे हात अशा हिवाळ्यांतच तयार झाले आहेत, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हिवाळ्याची अडचण नाही, पण पावसाळा आहे. अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हणजे कृत्रिम गवताची मैदाने लाभलेली मुंबई, पुण्यासारखी मोजकी ठिकाणे सोडली तर जून ते सप्टेंबर या काळात जिल्ह्यांतील मातीची मैदाने चिखलाने भरतात आणि शाळकरी मुलींचा सराव धावण्यावर व दोरीच्या उड्यांवर येऊन ठेपतो. ऐन वाढीच्या वयात वर्षाचा एक तृतीयांश काळ हातात स्टिक नसणे म्हणजे काय, हे कोणत्याही क्रीडाशिक्षकाला विचारावे.

यासाठी नवीन इमारती उभाराव्यात, असे माझे म्हणणे नाही. हँडबॉलचे क्रीडांगण ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. इनडोअर हॉकीला लांबी ३६ ते ४४ आणि रुंदी १८ ते २२ मीटर चालते. दोन्ही खेळांचे गोल तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच, आणि हँडबॉलची तुटक रेषा ज्या नऊ मीटरवर असते तेवढ्याच अंतरावर हॉकीची ‘डी’, म्हणजे गोलसमोरची अर्धवर्तुळाकार रेषा, आखली जाते. म्हणजे ज्या क्रीडासंकुलात हँडबॉलची आखणी आहे, तेथे फक्त बाजूच्या फळ्या हव्यात, आणि त्या गावातला सुतारही करून देईल. आपली अनेक सभागृहे प्रदर्शने आणि समारंभांना जितक्या सहज उपलब्ध होतात, तितक्या सहज ती मुलींच्या सरावाला मिळाली तर बरेच काम भागेल. स्टिकने फरशी खराब होते ही तक्रार मी ऐकली आहे, परंतु फटकाच नसलेल्या खेळाबाबत ती बरीच अतिशयोक्त वाटते.

लहान क्रीडांगणावरचा खेळ आपल्या मुलींच्या अंगी चांगला बसतो, हे जानेवारी २०२४ मध्ये मस्कत येथे झालेल्या फाइव्ह-अ-साइड (प्रत्येक बाजूला पाच खेळाडू) हॉकी विश्वचषकात दिसलेच. तेथे अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून हार पत्करावी लागली, तरी रौप्यपदक मिळाले, आणि त्या संघात आमच्या सातारा जिल्ह्याची ऋतुजा पिसाळ होती. भारताकडून खेळलेल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके याही याच जिल्ह्याच्या. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याच्या होत्या. तेव्हा महाराष्ट्रात मुलींच्या हॉकीला परंपराच नाही, ही सबब तरी कोणी पुढे करू नये. हॉकीत ज्यांचे नाव क्वचितच घेतले जाते त्या नामिबिया आणि कझाकस्तानच्या मुली इनडोअर विश्वचषकात खेळून आल्या आहेत.

राज्य संघटनेने येत्या पावसाळ्यात सातारा, पुणे, कोल्हापूर अशा चार-पाच जिल्ह्यांत सतरा वर्षांखालील मुलींची इनडोअर स्पर्धा प्रायोगिक पातळीवर भरवावी आणि जिल्हा क्रीडा कार्यालयांनी त्या आठवड्यांसाठी सभागृहे विनाशुल्क द्यावीत, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे. आपणही पुढील इनडोअर विश्वचषकाचे निकाल, चार ओळींत का होईना, अवश्य छापावेत. क्रिकेटच्या सरावसामन्यांना त्याहून अधिक जागा मिळत असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सातारा