जहाजाच्या पोटात शिरण्याआधी शिक्षक पारखून घ्यावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक शिक्षण पूर्ण झाले, थोडा सराव झाला, की बहुतेकांना बुडालेल्या जहाजांचे वेध लागतात आणि त्यात काही वावगे नाही. लाल समुद्राच्या तळाशी ३० मीटर खोलीवर विसावलेले ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाले. त्याच्या मालखान्यात आजही मोटारसायकली आणि ट्रक रांगेने उभे आहेत, आणि ते पाहण्याची ओढ मला पूर्णपणे समजते. चिंता वाटते ती या ओढीपायी निवडल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाची. अभ्यासक्रम किती दिवसांत संपतो आणि शेवटी कोणते कार्ड हाती पडते, एवढ्या दोनच गोष्टी विचारून अनेक जण पैसे भरतात. ज्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो त्या विचारायच्या राहून जातात. त्यांविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

खुल्या पाण्यात काहीही बिघडले तरी एक वाट कायम मोकळी असते, ती म्हणजे वरची. प्राथमिक अभ्यासक्रमातील जवळजवळ सगळी सुरक्षा या एका गृहीतावर उभी असते. जहाजाच्या आत शिरताच ते गृहीत संपते, कारण डोक्यावर पोलादी छत असते आणि बाहेर पडायचे तर आलो त्याच वाटेने, तेवढेच अंतर कापून, बहुधा येताना होता त्यापेक्षा कमी उजेडात परतावे लागते. जहाज कुशीवर पडलेले असेल तर भिंती जमिनी होतात, दारे पायाखालच्या झडपांसारखी भासतात आणि जिने आडवे होतात, त्यामुळे शाबूत जहाजाचा नकाशा पाठ असलेल्या माणसालाही दिशा उमगत नाही. आजूबाजूला सगळे लोखंडच असल्याने होकायंत्रावरही विसंबता येत नाही. त्यातच श्वासाचे बुडबुडे छतावर आपटून गंजाचे पापुद्रे सुटतात, म्हणजे पायातले फिन (पोहण्याचे पंखे) एकदाही गाळाला न लावणाऱ्या कुशल डायव्हरच्या भोवतीही पाणी गढूळ होत जाते. छतातून सुटून लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि जहाजावर अडकून राहिलेली मासेमारीची जाळी यांचा धोका याहून वेगळा.

इतके असूनही ‘रेक डायव्हर’ (रेक म्हणजे बुडालेले जहाज) या नावाचे कार्ड मिळाले की आत जाण्याचा परवाना मिळाला, असा समज सर्वत्र आढळतो. पाडी या सर्वांत मोठ्या प्रशिक्षण संस्थेच्या या नावाच्या अभ्यासक्रमात चार डाइव्ह असतात. त्यात आत शिरण्याचा भाग असला, तरी नैसर्गिक उजेड पोहोचतो तेवढ्याच भागात आणि खोली व आतील अंतर मिळून पृष्ठभागापासून ४० मीटरपर्यंतच, अशी मर्यादा त्यालाही घातलेली आहे. म्हणजे जहाज २५ मीटरवर असेल तर आत जाण्यासाठी जेमतेम १५ मीटर उरतात. ही मर्यादा योग्यच आहे. दोष आहे तो कार्ड देताना ती पुसट करणाऱ्यांचा आणि घेताना ती विसरणाऱ्यांचा. उजेडाच्या पलीकडे जायचे असेल, तर टीडीआय या तांत्रिक डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड रेक’सारखे तांत्रिक स्तराचे वेगळे प्रशिक्षण असते आणि त्यासाठीची पूर्वतयारी, साधने व मनोवृत्ती या तिन्ही गोष्टी वेगळ्या असतात.

हा फरक नेमका कुठे पडतो, हे हवेच्या हिशेबावरून चांगले कळते. एखादा डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल, तर ३० मीटरवर दाब चौपट असल्यामुळे त्याला तेवढ्याच वेळात ८० लिटर लागतात. १२ लिटरचे सिलिंडर २०० बारपर्यंत, म्हणजे पृष्ठभागावरील हवेच्या सुमारे २०० पट दाबापर्यंत भरले तर त्यात साधारण २४०० लिटर हवा मावते. गुहांमधील डायव्हिंगमधून आलेल्या तिहाईच्या नियमाप्रमाणे एक तृतीयांश हवा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली संकटासाठी राखायची. ८०० लिटरमध्ये दहा मिनिटे आत जाता येईल. आता अगदी आतल्या टोकाला जोडीदाराची हवा संपली असे समजा. आपल्याकडे १६०० लिटर आहेत, दोघांना मिळून मिनिटाला १६० लागतात, म्हणजे बरोबर दहा मिनिटे पुरतील. हिशेब तंतोतंत जुळतो, पण दोघांचा श्वास संथ राहिला आणि परतीला जाण्याइतकाच वेळ लागला तरच. गढूळ पाण्यात, परतीची वाट सापडावी म्हणून आत जाताना मागे सोडलेला दोर चाचपत येणारी घाबरलेली माणसे जातानाच्या वेगाने कधीच परतत नाहीत आणि त्यांचा श्वास सहज दुप्पट होतो. मग तीच हवा पाच मिनिटांत संपते, आणि दारातून बाहेर पडल्यावर वर येण्यासाठीही हवा लागतेच. म्हणून तिहाई ही जहाजाच्या आत किमान मर्यादा मानावी आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून कितीतरी आधी परत फिरावे. हा हिशेब जो प्रशिक्षक पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या श्वासाचा वेग मोजून, कागदावर मांडायला लावत नाही, त्याच्यामागून आत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी कसोटी दोराची. शेक एक्सले या अमेरिकी गुहा डायव्हरने १९७० च्या दशकात गुहांमधील मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात तीन कारणे पुनःपुन्हा समोर आली : बाहेरपर्यंत सलग दोर नसणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे आणि झेपेल त्यापेक्षा खोल जाणे. पुढे त्यांत प्रशिक्षणाचा अभाव आणि पुरेसे दिवे नसणे या दोन कारणांची भर पडली. जहाजांच्या बाबतीतही हे जसेच्या तसे लागू पडते. फ्लोरिडात की लार्गोजवळ बुडवलेल्या ‘स्पीगल ग्रोव्ह’ या १५५ मीटर लांबीच्या जुन्या नौदल जहाजात मार्च २००७ मध्ये तीन डायव्हर मरण पावले, आणि आत जाताना त्यांनी दोर सोडलेला नव्हता. दोर सोडणे दिसायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिली गाठ बाहेर खुल्या पाण्यात, दुसरी दाराच्या लगेच आत, नंतर प्रत्येक वळणावर पत्र्याच्या धारदार कडेपासून दूर, आणि अरुंद फटीत माणूस मावणार नाही अशा जागी दोर ओढला जाणार नाही याची काळजी घेत तो नेण्याचे कौशल्य पुष्कळ सरावानेच येते. डोळे झाकून, एका हाताने दोर आणि दुसऱ्याने जोडीदाराचा दंड धरून, एकाच सिलिंडरवर दोघांनी श्वास घेत बाहेर पडण्याचा सराव आधी जमिनीवर, मग उथळ खुल्या पाण्यात आणि शेवटी जहाजात झाला पाहिजे. दोर हातातून सुटला तर तो अंधारात शोधायचा कसा, जोडीदार दिसेनासा झाला तर किती वेळ शोधायचे आणि केव्हा थांबायचे, हेही तितकेच महत्त्वाचे. यातला कोणताही सराव फक्त तोंडी समजावून सांगितला जात असेल, तर तो शिकवलाच जात नाही असे समजावे.

येथे एक जुना वाद आहे, आणि त्यावर माझे मत मांडतो. काही जाणकार म्हणतात की आधी गुहेतील डायव्हिंग शिकावे, कारण दोर, हवा आणि फिन हलवण्याची शिस्त तिथे जितकी कसून घोटून घेतली जाते तितकी इतरत्र क्वचितच घेतली जाते. इतरांच्या मते जहाज ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिचा अभ्यास जहाजातच व्हायला हवा. मला पहिल्यांचे म्हणणे पटते, मात्र अर्धेच. ज्यांना शक्य असेल त्यांनी गुहेच्या उजेडातील भागाचा, म्हणजे कॅव्हर्नचा अभ्यासक्रम आधी जरूर करावा. त्यातून हात आणि डोके दोन्ही शांत राहायला शिकतात. पण गुहेतला दगड हजारो वर्षे जागच्या जागी असतो, तर लोखंड दरवर्षी कुजत जाते. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर सुमारे ७० मीटर खोलीवर १९९१ मध्ये सापडलेल्या यू-८६९ या जर्मन पाणबुडीत पुढच्याच वर्षी एक अनुभवी पिता-पुत्र उतरले होते. दोघेही गुहांमध्ये तयार झालेले कुशल डायव्हर होते. आत अवजड वस्तू अंगावर कोसळून मुलगा अडकला, वडील मदतीला गेले, आणि दोघे बाहेर पडले खरे, पण दाब उतरवण्यासाठीचे थांबे, म्हणजे शरीरात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे विसावे, न घेता त्यांना थेट वर यावे लागले. दोघांपैकी कोणीही वाचले नाही. त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणतो की गुहेत कमावलेले कौशल्य जहाजात उपयोगी पडते, तरी लोखंड कुठे कधी सुटेल याचा अंदाज फक्त जहाजांमध्येच येतो, आणि तो अंदाज ज्या प्रशिक्षकाला आहे त्याच्याकडूनच तो शिकता येतो.

म्हणूनच प्रशिक्षण कोणत्या जहाजात होणार, हा प्रश्न अवश्य विचारावा. पर्यटनासाठी मुद्दाम बुडवलेल्या जहाजांमधून आधी तेल आणि तारा काढलेल्या असतात, दारे काढून टाकलेली असतात आणि बाजूंना मोठमोठी भोके पाडलेली असतात. शिकायला सुरुवात करण्यासाठी ती उत्तमच. परंतु अशा जहाजात मिळालेल्या आत्मविश्वासावर युद्धात बुडालेल्या, तेलाने भरलेल्या, दारूगोळा अजून पोटात असलेल्या जहाजात शिरणे धोक्याचे आहे. शिवाय मुद्दाम बुडवलेले जहाजही स्थिर राहील असे नाही. ‘स्पीगल ग्रोव्ह’ २००२ मध्ये ठरल्याआधीच बुडू लागले आणि अखेर उजव्या कुशीवर पडले. तीन वर्षांनी एका चक्रीवादळाच्या लाटांनी ते सरळ उभे केले. आधी ज्यांनी त्याच्या आतल्या वाटा लक्षात ठेवल्या होत्या, त्यांना त्या पुन्हा शिकाव्या लागल्या असणार. जहाजातल्या पोकळीत साठलेल्या हवेत डोके वर काढून श्वास घेऊ नये, हेही येथेच सांगून टाकतो, कारण लोखंड गंजताना त्या हवेतला प्राणवायू वापरला जातो.

साधनांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती विकत घेता येतात आणि लोक त्यांवर पुरेसा खर्च करतातच. एक मुख्य दिवा व दोन राखीव दिवे, दोर कापण्यासाठी दोन हत्यारे वेगवेगळ्या ठिकाणी, सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारे दोन स्वतंत्र रेग्युलेटर, आणि त्यांपैकी एकाला सुमारे दोन मीटर लांबीची नळी, जेणेकरून अरुंद वाटेत दोघांना एकामागोमाग बाहेर येता येईल, इतके तर हवेच. एकच सिलिंडर पाठीवर घेऊन आत दूरवर नेणारा अभ्यासक्रम मात्र सरळ नाकारावा.

आता प्रशिक्षकाविषयी. हुद्दा पाहून भुलू नये. फ्लोरिडातील गुहांच्या तोंडाशी, पुढे जाऊ नका असे बजावणारे मृत्यूचे चित्र असलेले फलक लावलेले आहेत आणि अशा गुहांमध्ये मरण पावलेल्यांत खुल्या पाण्यातील प्रशिक्षकही होते, असे त्यांवर स्पष्ट लिहिलेले आहे. खुल्या पाण्यात शेकडो विद्यार्थी तयार केलेला माणूस जहाजाच्या आत नवखा असू शकतो. म्हणून त्याला विचारावे की शिकवण्याव्यतिरिक्त तो स्वतः जहाजांच्या आत किती नियमितपणे जातो आणि शेवटचा केव्हा गेला. एका वेळी आत किती विद्यार्थी नेतो हेही विचारावे. दोनपेक्षा अधिक सांगत असेल तर मी तिथे थांबणार नाही. जमले तर त्याच्याबरोबर एक साधा डाइव्ह खुल्या पाण्यात करावा आणि तो गाळाच्या वीतभर वर, हात न हलवता, जागच्या जागी किती वेळ तरंगतो ते पाहावे. ज्याला मागे सरकण्यासाठी फिनचा वापर येत नाही, तो आतल्या चिंचोळ्या जागेत विद्यार्थ्याला काय दाखवणार?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे : आजवर त्याने किती जणांना कार्ड नाकारले? पैसे भरलेल्या विद्यार्थ्याला ‘अजून तयारी झाली नाही, आणखी काही महिने सराव करून या’ असे सांगणे प्रशिक्षकाला आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, संस्थेलाही आवडत नाही, आणि विद्यार्थी तर हमखास नाराज होतो. तरीही जो ते सांगतो तोच या विषयाचा खरा शिक्षक. कार्ड मिळण्याची हमी आधीच देणाऱ्या जाहिराती पाहिल्या की मला अस्वस्थ व्हायला होते, कारण ती हमी समुद्राच्या वतीने कोणीही देऊ शकत नाही. शुल्क प्रशिक्षणाचे असावे, कार्डाचे नव्हे, आणि हे दोन्ही बाजूंनी लेखी स्पष्ट झालेले असावे.

शेवटी शिष्टाचाराचा एक मुद्दा. यातली अनेक जहाजे युद्धातील मृतांची विश्रांतिस्थाने आहेत. ब्रिटनने १९८६ मध्ये अशा लष्करी अवशेषांच्या संरक्षणासाठी कायदा केला, आणि पाण्याखालील सांस्कृतिक वारशासाठी युनेस्कोने २००१ मध्ये करार स्वीकारला. आतून एखादी वस्तू उचलून आणणे ही मर्दुमकी मानणारा प्रशिक्षक भेटला, तर तो आपल्या विद्यार्थ्यांना अंतर आणि हवा यांच्या मर्यादाही तितक्याच सैलपणे शिकवत असेल, असे मला वाटते.

आपल्या वृत्तपत्राने या विषयावर लिहिताना जहाजांच्या छायाचित्रांबरोबर प्रशिक्षणाच्या स्तरांचीही माहिती द्यावी, आणि कोणते कार्ड कुठपर्यंत जाण्याची मुभा देते हे वाचकांसमोर स्पष्ट मांडावे, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक