अपडेटनंतर टॅबलेटची केबल जोडणी बंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : टॅबलेट लॅपटॉपचा दुसरा स्क्रीन म्हणून केबलने वापरण्याची सोय काढून टाकल्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या कंपनीचा टॅबलेट मी पेन आणि कीबोर्ड कव्हरसह घेतला, तो लॅपटॉपला जोडून दुसरा स्क्रीन म्हणून वापरता येतो म्हणूनच. खोक्यावर तसं ठळक छापलं आहे : 'केबलने किंवा वायफायवर'. ताज्या अपडेटनंतर तुमच्या ॲपमधला केबलचा पर्याय नाहीसा झाला. उरलेलं वायफाय माझ्या कामाला उपयोगी नाही. का नाही ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्या कॉल सेंटरवर ते ऐकून घेणारं कुणी भेटलं नाही.

मी सावंतवाडीत घरून पुण्यातल्या एका कार्यालयासाठी आरोग्य विम्याचे दावे तपासते. हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलच्या पावत्या, लॅबचे रिपोर्ट, सगळं स्कॅन करून आलेलं असतं. ते आणि दाव्याचा फॉर्म दोन्ही एकाच वेळी समोर लागतात. लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडले तर बिलातले आकडे वाचता येत नाहीत, मोठे करावेत तर फॉर्म झाकला जातो. टॅबलेट उभा ठेवला की ए-फोर बिल अख्खं दिसतं आणि शंका आलेल्या ओळीवर पेनने तिथल्या तिथे खूण करता येते. एक आकडा चुकीच्या रकान्यात गेला तर कुणाच्या तरी घरचे पैसे अडकतात. म्हणून मला ही जोडणी हवी आहे.

आता वायफायबद्दल. आम्हाला कार्यालयाचं व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित इंटरनेट जोडणी, चालू ठेवूनच काम करावं लागतं. ते चालू झालं की लॅपटॉपचं सगळं ट्रॅफिक कार्यालयाच्या सर्व्हरकडे जातं आणि घरच्या नेटवर्कवरचं दुसरं कुठलंही उपकरण त्याला दिसत नाही. रुग्णांची खासगी कागदपत्रं असल्यामुळे हा नियम योग्यच आहे आणि तो माझ्यासाठी बदलणार नाही. म्हणजे व्हीपीएन सुरू केलं की टॅबलेटची जोडणी तुटते. केबलला ही अडचण नव्हती. टॅबलेटच्या टाइप-सी पोर्टमधून बाहेरचा व्हिडिओ थेट आत घेता येत नाही, त्यामुळे एचडीएमआयचा मार्गही बंद आहे. जे काही होतं ते तुमच्या ॲपमधून. दुसऱ्या कंपनीचं ॲप टाकायला कार्यालयाची परवानगी नाही. तुमचं ॲप आमच्या आयटी विभागाने तपासून मंजूर केलं होतं.

शिवाय इथला पाऊस. वीज गेली की राउटर बंद पडतो, पण लॅपटॉप आणि टॅबलेट बॅटरीवर चालतात. इंटरनेट मोबाइलवरून घ्यायचं, दोन्ही स्क्रीन केबलने जोडलेले, काम थांबत नसे. कोकणात घरून नोकरी करणाऱ्याला ही केवढी मोठी सोय आहे, ते ज्यांनी हा पर्याय काढून टाकला त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

तुमच्या प्रतिनिधींनी दरवेळी तेच सांगितलं : राउटर बंद करून चालू करा, ॲप काढून पुन्हा टाका, शेवटी टॅबलेट फॅक्टरी रिसेट करा. हे सगळं केलं. जो पर्याय ॲपमध्येच नाही तो रिसेट करून कुठून येणार? वरिष्ठांशी बोलणं करून देतो म्हणाले, तो फोन आलाच नाही. याहून वाईट वाटलं ते पुढचं. तुमच्या वेबसाइटवर उत्पादनाच्या वर्णनातून 'केबलने' हा शब्द गुपचूप वगळला आहे. खरेदीच्या वेळच्या पानाची प्रत, खोक्याचा फोटो आणि पावती माझ्याकडे आहे. तिन्ही सोबत जोडत आहे. विकताना जे सांगितलं ते पैसे घेतल्यावर काढून घ्यायचं आणि सांगितल्याची खूणही पुसायची, याला मी फसवणूकच म्हणेन.

माझी मागणी अशी. केबलचा पर्याय नव्या अपडेटमध्ये परत द्या आणि तोवर ॲपची आधीची आवृत्ती अधिकृतपणे उपलब्ध करा. तसं करायचं नसेल तर टॅबलेट, पेन आणि कव्हर तिन्ही परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. पेन आणि कव्हर दुसऱ्या टॅबलेटला चालत नाहीत, त्यामुळे 'ॲक्सेसरी परत घेत नाही' हे उत्तर मला मान्य नाही. कूपन किंवा वाढीव वॉरंटीही नको.

मी टॅबलेट तुमच्याच वेबसाइटवरून घेतला आहे. ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत देणं आणि एका महिन्यात निवारण करणं तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पोच आणि उत्तर दोन्ही लेखी हवीत. तसं न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, त्यामुळे मला तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यावं लागणार नाही.

कॉल सेंटरवरून पुन्हा राउटरबद्दल विचारणारा फोन करू नये. ॲपच्या तांत्रिक विभागातील जबाबदार व्यक्तीने ईमेलवर उत्तर द्यावं.

आपली,
एक ग्राहक, सावंतवाडी
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीप्रमाणे)