बूच बुडत नाही तेव्हा

माननीय संपादक,

रविवार पुरवणीतील गळाच्या मासेमारीवरील लेखात ‘बूच (म्हणजे गळाच्या दोरीवर तरंगणारी खूण) बुडाले की मासा लागला’ असे सरसकट म्हटले आहे, ते उत्तर अमेरिकेतील क्रॅपी माशाला नेहमी लागू पडत नाही. डोळे डोक्यावर उंच असल्याने तो बहुधा आपल्या वरचे भक्ष्य हेरतो, खालून सावकाश येतो आणि तोंड उघडून पाण्यासकट ते आत ओढतो; त्यामुळे गळाचा भार खाली ओढला न जाता वर उचलला जातो, आणि मिसिसिपीतील ग्रेनाडा तलावावर बूच बुडण्याऐवजी आडवे पडलेले, दोरी सैल झालेली मी पाहिली आहे, आणि नवखेपणी तसाच वाट पाहत बसलोही आहे. म्हणून आमिषाची जिवंत मासोळी माशाच्या किंचित वरच ठेवावी. हिसका मात्र देऊ नये, कारण तोंडाची कड कागदासारखी पातळ असते, ती फाटते आणि गळ रिकामा येतो.

आपला,
एक वाचक, मेम्फिस