टक्का पाहिला, अहवाल कोणी वाचला?

महोदय,

कालचा ‘संशोधनातील उचलेगिरी’ हा अग्रलेख वाचला. चोरी करणाऱ्यांवर कारवाई व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण सॉफ्टवेअरने आधीच्या लिखाणाशी दहा टक्क्यांवर साम्य दाखवले म्हणजे चोरीच, हे आपण कशाच्या आधारे लिहिलेत?

इथल्या भाट्ये खाडीतल्या तिसऱ्यांवरचा (खाण्याच्या शिंपल्यांवरचा) माझा शोधनिबंध एका नियतकालिकाने २७ टक्के साम्य दाखवून नाकारला. अहवाल उघडला, तर संदर्भसूचीसुद्धा साम्यात धरलेली. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या माझ्याच प्रबंधातली वाक्ये, निबंधात तसा स्पष्ट उल्लेख असूनही, धरलेली. उरलेले बहुतेक साम्य विंकलर पद्धतीच्या वर्णनात. पाण्यातला प्राणवायू मोजण्याची ही पद्धत १८८८ सालची. पाण्याच्या नमुन्यात आधी मँगनस सल्फेट, अल्कली आयोडाइड, मग आम्ल, शेवटी स्टार्च घालून निळा रंग पूर्ण जाईपर्यंत थायोसल्फेट. कोणत्याही खाडीवर काम करणारा हेच लिहिणार. दुसरे काय लिहायचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीत संदर्भसूची, सर्वसाधारण संज्ञा, प्रमाणित समीकरणे वगळूनच तपासणी करायची आहे. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही सोडायचे आहे. संदर्भसूची वगळायला सॉफ्टवेअरमध्ये एक खूण पुरते. तेवढेही कष्ट कोणी घेतले नाहीत, आणि संशयित ठरले मी!

‘शब्द फिरवून घ्या, टक्का उतरतो,’ हा सल्ला ज्येष्ठ सहकाऱ्यांनीच दिला. पानामागे पैसे घेऊन हे करून देणारे इथेही आहेत. त्यांनी फिरवून दिलेला एक परिच्छेद मी पाहिला. ‘रंग पूर्ण जाईपर्यंत’चे ‘रंग फिकट होईपर्यंत’ झाले होते. तिथे थांबले तर थायोसल्फेट कमी लागते आणि प्राणवायू आहे त्यापेक्षा कमी भरतो. टक्का उतरवण्यासाठी पद्धतच चुकीची छापायची? मी मूळ वाक्य कायम ठेवले, साम्याच्या प्रत्येक ओळीसमोर कारण लिहिले आणि निबंध पुन्हा पाठवला. या वेळी संपादकांनी तो स्वतः वाचावा, एवढीच मागणी केली आहे. आपणही पुढचा अग्रलेख लिहिण्यापूर्वी असा एखादा अहवाल पहिल्या पानापासून वाचावा.

खाडीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, भरती-ओहोटीच्या वेळांची चौकट आपण का बंद केलीत? सुकतीला तिसऱ्या काढायला उतरणाऱ्या बायका आमच्या घरी पेपर मागायला यायच्या, त्या याच चौकटीसाठी. जाहिरातींना जागा मिळते, मग या चार ओळींना का मिळू नये?

– एक प्राध्यापिका, रत्नागिरी