मेक्लोंगचे मैदानही पाहावे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत थायलंडच्या सहलीविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. लेखासोबत मेक्लोंगच्या रेल्वेबाजाराचे मोठे छायाचित्र होते. रुळांना लागून मांडलेल्या भाजी-मासळीच्या टोपल्या, गाडीचा भोंगा वाजताच मिटणाऱ्या छत्र्या आणि दोन्ही बाजूंना मोबाइल उंचावून उभे असलेले पर्यटक त्यात दिसत होते. सहलीच्या बसगाड्या तेथे तासभर थांबतात आणि पुढे तरंगत्या बाजाराकडे निघून जातात. त्याच गावाला स्वतःचा एक फुटबॉल संघ आहे, त्या संघाला इतिहास आहे, आणि तो इतिहास आपल्याकडच्या, विशेषतः आमच्या कोल्हापूरच्या, फुटबॉलप्रेमींच्या अगदी जवळचा आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त बँकॉकला असताना एका मोकळ्या दिवशी मी मेक्लोंगला गेलो. वोंगविआन याई स्थानकातून महाछाईपर्यंत एक गाडी, तेथे फेरीबोटीने ता चीन नदी ओलांडायची आणि पलीकडच्या बान लेम स्थानकातून मेक्लोंगपर्यंत दुसरी गाडी, असा हा प्रवास आहे. वाटेत मिठागरे, नारळाच्या बागा आणि खाड्या लागतात. खिडकीत बसलेल्या माणसाला आपण वेंगुर्ल्याच्या आसपास कोठेतरी आहोत असेच वाटत राहते. मेक्लोंग हे समुत सोंगख्राम प्रांताचे मुख्य गाव. क्षेत्रफळाने हा थायलंडमधला सर्वांत लहान प्रांत असून तो आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या अठराव्या हिश्श्याहूनही लहान आहे. तालुके अवघे तीन, आणि लोकवस्ती दोन लाखांच्या आतबाहेर.

या गावची ओळख म्हणजे ‘प्ला थू’ हा मासा. आपल्या बांगड्याचा हा सख्खा चुलतभाऊच म्हणावा लागेल. बाजारात तो बांबूच्या लहान गोल टोपल्यांत दोन-तीनच्या जोडीने रचलेला असतो, आणि टोपली माशापेक्षा लहान असल्याने त्याची मान वाकवून तो आत बसवतात. ‘तोंड वाकडे, मान मोडलेली’ असे त्याचे वर्णन तेथे कौतुकाने केले जाते, आणि असा दिसला तरच तो खरा मेक्लोंगचा, असे मानतात. समुत सोंगख्रामच्या फुटबॉल संघाचे टोपणनाव याच माशावरून आलेले आहे: ‘प्ला थू खनाँग’, म्हणजे मस्तीला आलेला बांगडा. वाघ, सिंह, गरुड अशी नावे जगभर ढिगाने सापडतात. पण रोजच्या ताटातला मासा छातीवर मिरवणारे गाव मला तरी दुसरे माहीत नाही, आणि माझे आजोळ मालवणचे असल्यामुळे हे नाव ऐकताच मी त्या संघाचा झालो.

त्या दिवशी संध्याकाळी सामना होता. शंभर बाथांचे तिकीट काढून मी आत गेलो. दुपारी पाऊस होऊन गेला होता, एका बाजूच्या कॉर्नरपाशी पाणी साचले होते आणि चेंडू तेथे गेला की थबकून उभा राहत होता. पायऱ्यांवर काही शेकडा माणसे असतील. एका कोपऱ्यात पोरांनी ढोल लावले होते. प्रवेशद्वाराशी एक बाई कोळशावर मांसाच्या काड्या भाजत होती, आणि शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून, वर नळी खोचून, सरबत मिळत होते. सहा वाजता ध्वनिक्षेपकावरून राष्ट्रगीत सुरू झाले. थायलंडमध्ये रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी ते वाजते. ढोल थांबले, पायऱ्यांवरची माणसे उठली, आणि त्या बाईने हातातला चिमटा खाली ठेवला. काड्या एका बाजूने करपू लागल्या तरी गीत संपेपर्यंत तिने त्यांना हात लावला नाही.

माझ्या शेजारी एक आजोबा नातीसह बसले होते. मुलीला थोडे इंग्रजी येत होते, त्यामुळे बोलणे झाले. आजोबांनी हयातभर बाजारात मासळी विकली होती. संघ वरच्या साखळीत गेल्यापासूनची बहुतेक तिकिटे त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत, असे नातीने सांगितले. संघ आता खालच्या साखळीत आहे, तरी तुम्ही का येता, असे मी विचारले. तो प्रश्न त्यांना कळलाच नाही. नातीने तो दोनदा समजावून सांगितला. मग त्यांनी डाव्या बगलेला धावणाऱ्या खेळाडूकडे बोट केले आणि त्याच्या आईचा गाळा बाजाराच्या कोणत्या गल्लीत आहे ते मला सांगू लागले.

सामना १-१ असा सुटला. शेवटी दोन्ही संघांचे खेळाडू पायऱ्यांसमोर रांगेत आले आणि त्यांनी हात जोडून, मान लववून प्रेक्षकांना नमस्कार केला. थायलंडच्या मैदानांवर ही रीत सर्रास पाळली जाते. चिखलाने माखलेली ती पोरे मान खाली घालून उभी असताना आजोबांनीही बसल्या जागेवरून हात जोडले.

आता या संघामागचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून त्या नमस्काराचे मोल कळत नाही. थायलंडची फुटबॉल संघटना १९१६ साली, इंग्लंडमध्ये शिकून आलेले राजे वजिरावुध यांच्या पुढाकाराने स्थापन झाली आणि त्याच वर्षी राजचषकाची स्पर्धा सुरू झाली. या चषकांची नावे थाई वर्णमालेवरून पडली. पहिल्या पातळीचा तो ‘क’ चषक, त्याखालचा ‘ख’, आणि पुढे आणखी दोन पातळ्या आल्या, त्यांची अक्षरे मुळात आपल्या ‘ग’ आणि ‘ङ’ यांच्याच जागेवरची आहेत. बाराखडी शिकलेल्या मराठी माणसाला ही उतरंड समजावून सांगावी लागत नाही. मात्र या सगळ्या काळात चषक जिंकणारे संघ मुख्यतः राजधानीतले होते, आणि ते गावांचे नसून खात्यांचे होते: हवाई दल, बंदर प्राधिकरण, बँका, तंबाखू महामंडळ, वीज मंडळ. १९९६ साली १८ संघांची राष्ट्रीय साखळी सुरू झाली तेव्हाही चित्र फारसे बदलले नव्हते, आणि पहिले विजेतेपद बँकॉक बँकेच्या संघाने मिळवले.

खात्याचा संघ किती मोठा होऊ शकतो, याचे उदाहरण थाई फार्मर्स बँकेचे आहे. या संघाने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे आशियाई क्लब विजेतेपद पटकावले. त्यानंतर आजवर एकाही थाई क्लबला आशियातील ही सर्वोच्च स्पर्धा जिंकता आलेली नाही. पुढे जुलै १९९७ मध्ये बाथ कोसळला, आर्थिक संकटाने बँका हवालदिल झाल्या, आणि २००० साली हा संघ बंद झाला. आशियाचा विजेता संघ पाच वर्षांत मिटला आणि त्याच्यासाठी रस्त्यावर उतरेल असे एकही गाव त्याच्यापाशी नव्हते, कारण तो कोणत्या गावाचा नव्हताच. २००५ साली साखळी जिंकणारा तंबाखू महामंडळाचा संघ बँकॉक सोडून कधी पिचित, कधी चियांग माई असे गाव शोधत फिरला आणि अखेर विस्मरणात गेला. २००८ चा विजेता वीज मंडळाचा संघ नेविन चिडचोब या राजकारण्याने ईशान्येकडील बुरीरामला नेला. तेथे मात्र तो रुजला आणि त्याच्यासाठी तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. (२०१९ च्या जूनमध्ये आपल्या भारतीय संघाने किंग्ज चषकात यजमान थायलंडला १-० असे हरवले, ते याच मैदानावर.)

प्रांतांचे संघ दरम्यान वेगळ्या वाटेने चालले होते. १९९९ पासून त्यांची स्वतंत्र प्रांतीय साखळी होती. ती पुढे मुख्य साखळीत विलीन झाली आणि २००७ साली समुद्रकाठच्या चोनबुरीने विजेतेपद जिंकून प्रांताच्या संघालाही शिखर गाठता येते हे दाखवून दिले. लोक आपल्या गावाच्या नावाचा सदरा विकत घेऊन घालू लागले, ते याच सुमारास. समुत सोंगख्रामचा संघ २००८ साली वरच्या साखळीत आला आणि २०१४ पर्यंत, म्हणजे सलग सात मोसम, तेथे टिकला. देशातील सर्वांत लहान प्रांत बुरीराम आणि मुआंगथोंग यांसारख्या धनाढ्य संघांशी सात वर्षे झुंजला, ही गोष्ट माझ्या मते एखाद्या चषकाहून मोठी आहे. २०१४ च्या अखेरीस तो खाली गेला. खालच्या पातळ्यांवरचे फुटबॉल हे खडतर प्रकरण आहे: २०२० पासून तिसरी पातळी सहा विभागांत विभागलेली आहे, प्रेक्षक थोडे, पुरस्कर्ते त्याहून थोडे, आणि दूरचित्रवाणीचा पैसा बहुतांशी वरच वाटला जातो. २०१९ च्या मोसमानंतर तर सैन्यदलाचा संघ आणि एका वाहन कंपनीचा संघ यांनी दुसऱ्या पातळीवरून माघार घेतली, आणि वरच्या साखळीतला एका तेल कंपनीचा रायोंगचा संघही त्याच वर्षी बंद झाला. पाठीशी भक्कम पैसा असणारे संघच मिटतात, हे मला विचार करण्यासारखे वाटते.

आमच्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. खेळाडू कोणाचा कोण, कोणत्या बोळात राहतो, हे पायऱ्यांवरच्या माणसाला ठाऊक असते. मुंबईत मात्र राष्ट्रीय साखळी जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला, तेव्हा हळहळ झाली आणि विषय संपला. मेक्लोंगच्या आजोबांनी खेळाडूच्या आईचा गाळा दाखवला त्या क्षणी मला शाहू स्टेडियमच्या पायऱ्या आठवल्या, आणि आपल्याकडे जे आहे ते किती दुर्मीळ आहे हे मला परमुलखात कळले. व्यावसायिक साखळीच्या नावाखाली पेठेचा संघ एखाद्या कंपनीच्या नावाने चालवावा, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. पैसा अवश्य यावा, प्रशिक्षक यावेत, मैदान सुधारावे. पण नाव आणि गाव यांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि थायलंडचा पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव त्याला पुरावा आहे.

आपणास दोन विनंत्या आहेत. आपल्या क्रीडा पानावर युरोपातील सामन्यांना रोज जागा मिळते, ती मिळू द्यावी. परंतु आशियातील अशा लहान संघांविषयी महिन्यातून एखादा स्तंभ द्यावा, आणि सहलीच्या पुरवणीत स्थळांच्या यादीखाली तेथील फुटबॉलच्या मैदानाची एक ओळ घालावी. थायलंडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी दहांनी जरी एक संध्याकाळ अशा मैदानावर घालवली तरी तेथील माणसांना आनंदच होईल, आणि तिकिटाचे पैसे त्या संघाला खरोखर उपयोगी पडतील.

दुसरी विनंती आपल्याच संघांची आहे. परत आल्यावर मी आमच्या तालमीतील जुन्या खेळाडूंकडे चौकशी केली, तेव्हा एकाच्या माळ्यावर ट्रंकेत जुन्या सामन्यांची हस्तपत्रके निघाली, काहींचे कोपरे वाळवीने खाल्लेले. अशा वस्तू आणि त्यांच्या मालकांच्या आठवणी आपल्या दैनिकाने क्रमाने छापाव्यात. त्या ट्रंकेतील सतरा पत्रके मी सध्या प्लास्टिकच्या पाकिटांत घालून ठेवली आहेत. आपण सांगाल त्या दिवशी ती आपल्या कार्यालयात घेऊन येईन.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर