‘हसतमुख’ हवी, हसवणारी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बायकांना हसवणारा पुरुष आवडतो’ हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात निम्मीच गोष्ट आली. एरिक ब्रेसलर आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात उरलेली निम्मी आहे. मुलींना विनोद करणारा मुलगा हवा होता. मुलांना मात्र आपल्या विनोदाला हसणारी मुलगी.

आमच्या जळगाव-धुळ्याकडचे बायोडाटे चाळले तरी हे कळतं. मुलीपुढे हमखास ‘हसतमुख’ असतं. ‘हसवणारी’ असं मी एकदाही वाचलेलं नाही.

गेल्या वर्षी भाचीला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या काकांनी विचारलं, “स्वयंपाकात काय काय येतं?” ती म्हणाली, “भरीत चांगलं जमतं. मिरच्या किती घालायच्या, ते समोरचं माणूस पाहून ठरवते.” मुलाला हसता हसता पोह्यांचा ठसका लागला. काकांनी बशी खाली ठेवली. दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला: पोर गंज बोलस! म्हणजे, पोरगी फार बोलते.

आणि याच काकांच्या घरच्या बायका लग्नात विहिणीवर गाणी म्हणायला बसल्या की नवरदेवाच्या मामापासून मानपानाच्या साडीपर्यंत कुणाला सोडत नसतील. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासरच्यांच्या ज्या नकला करतात, त्या ऐकायला पुरुष तिथे नसतात. (मीही पुरुषच, लहानपणी आईमागे लपून ऐकल्यात.) मग ‘बायकांना विनोद जमत नाही’ हे ठरवायला पुरुष मोकळे.

२०२० मध्ये २८ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही कुणीतरी पुढे करेल: ६३ टक्के पुरुष सरासरी स्त्रीपेक्षा सरस. करू द्या. पण त्यातली परीक्षा बहुतेक ठिकाणी चित्राखाली गमतीदार ओळ लिहिण्याची होती. रुखवतापुढे उभं करून, समोर विहीण बसवून कुणी गुण दिलेले नाहीत.

भाचीने परवा बायोडाटातलं ‘हसतमुख’ खोडून ‘बोलकी’ लिहिलं. मध्यस्थ कुरकुरतायत, पन्नास झेरॉक्स आधीच काढून ठेवल्यात म्हणे.

– एक वाचक, अमळनेर