लेकीच्या डिबेट कॅम्पविषयी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. सोबतची डिबेट कॅम्पची, म्हणजे उन्हाळी वादविवाद-शिबिरांची, तिन्ही माहितीपत्रकं काल रात्री निवांत बसून वाचली. वहिनींना नामवंत विद्यापीठाच्या आवारातला कॅम्प हवा, तुला घराजवळचा सकाळ-संध्याकाळ सोडता-आणता येईल असा बरा वाटतो, आणि लेकीला तिची जोडीदारीण जाईल तिथेच जायचं आहे. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मला विचारशील तर मी आधी दोनच गोष्टी पाहीन: तिथे रोज तिच्या समोर बसून शिकवणार कोण, आणि दिवसातून किती वेळा ती उभी राहून बोलणार. मी इथे अमेरिकेत शाळेच्या डिबेट संघाला शिकवायला लागल्यापासून दर सप्टेंबरात कॅम्पहून परतलेली मुलं बघतो. कुणी खरंच बदलून येतं, कुणी जसं गेलं तसंच येतं. त्यामागे बहुतेक वेळा याच दोन गोष्टी असतात.

आधी प्रकाराचं बघ. ती पब्लिक फोरम करते. बाहेरून सगळं डिबेट एकच वाटतं, पण प्रत्येक प्रकाराची शिस्त वेगळी. पॉलिसीत दोघांविरुद्ध दोघं, आठ-आठ मिनिटांची मुख्य भाषणं, वर्षभर एकच विषय, आणि वरच्या पातळीवर बोलण्याचा वेग मिनिटाला ३०० शब्दांच्याही पुढे. लिंकन-डग्लस एकास एक. तिथे मूल्यांचा वाद असतो आणि विषय दर दोन महिन्यांनी बदलतो. वर्ल्ड स्कूल्समध्ये तिघं बोलतात, काही विषय तर तासभर आधी हातात पडतात, आणि भाषण चालू असताना समोरचे उठून प्रश्न टाकतात. पब्लिक फोरम २००२ साली सुरू झालं तेच मुळी अशा हेतूने, की डिबेटचं काहीही शिक्षण नसलेल्या माणसालाही दोन्ही बाजू ऐकून निकाल देता यावा. म्हणून तर तिच्या स्पर्धांना तुम्हा आईबाबांनाच परीक्षक म्हणून बसवतात.

आता पहिलं माहितीपत्रक पुन्हा उघड. बहुतेक सगळी पानं पॉलिसीची आहेत आणि पब्लिक फोरमची बोळवण शेवटच्या अर्ध्या पानात केली आहे. अशा ठिकाणी सरळ विचारायचं: गेल्या उन्हाळ्यात पब्लिक फोरमची मुलं किती होती आणि त्यांच्या लॅब, म्हणजे एकत्र शिकणारे छोटे गट, किती झाल्या? एकच लॅब असेल तर वर्षभर खेळलेली मुलं आणि राज्य पातळीवर जिंकून आलेली मुलं एकाच खोलीत बसणार. मग शिकवणाऱ्याने कोणाकडे बघून शिकवायचं?

तिसऱ्या पत्रकात पुराव्यांच्या जाडजूड फाइलींचा फार गाजावाजा आहे. त्याने तू भारावून जाऊ नकोस. पॉलिसीचा विषय वर्षभर चालतो, त्यामुळे जुलैत कापलेली कार्डं (लेखांतून काढलेले पुराव्याचे उतारे) पुढच्या वसंतापर्यंत उपयोगी पडतात. तिथले काही कॅम्प सात आठवड्यांपर्यंत चालतात, ते यासाठीच. आणि गंमत बघ, त्या पॉलिसी कॅम्पच्या फाइलीसुद्धा डिबेट प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या ओपन एव्हिडन्स उपक्रमात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. पब्लिक फोरमचा विषय तर हंगामात कितीदा तरी बदलतो. उन्हाळ्यातला ढीग हिवाळ्यात तिच्या काय कामाचा? तिथून आणायचं आहे ते कसब: चांगला लेख कुठे शोधायचा, कार्ड कापताना लेखकाचं म्हणणं वाकवायचं नाही, आणि समोरच्याने पुरावा वाचला की त्याने दाव्यातला नेमका कुठला भाग सिद्ध होत नाही, हे लगेच ओळखायचं.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. तू लिहिलंयस, की ती घरी छान बोलते पण समरीच्या, म्हणजे वादाचा सारांश मांडायच्या भाषणाच्या, वेळी गडबडते. मला त्याचं मुळीच नवल वाटत नाही. पब्लिक फोरममधलं सर्वात कठीण भाषण तेच. तिच्या आधी दोन्ही बाजूंची मिळून चार-चार मिनिटांची चार भाषणं झालेली असतात, दोन क्रॉसफायर (एकमेकांना प्रश्न विचारायच्या फेऱ्या) झालेले असतात, फ्लोवर, म्हणजे मुद्दे टिपायच्या कागदावर, बाणांचं जाळं झालेलं असतं, आणि तिला तीन मिनिटांत ठरवायचं असतं, की काय ठेवायचं आणि काय सोडायचं. सोडणंच अवघड. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना वाटतं, एकही मुद्दा सुटला तर हरलो. मग सगळ्याला हात लावतात आणि कशालाच वजन देत नाहीत. ही सवय व्याख्यान ऐकून सुटत नाही, कितीही मोठ्या वक्त्याचं असो.

ती सुटते रिडूने. भाषण झालं, शिकवणाऱ्याने तिच्या फ्लोवर बोट ठेवून विचारलं, ‘हे उत्तर तू का दिलंस, याने निकाल बदलणार होता का?’ आणि लगेच, त्याच खोलीत, तेच भाषण पुन्हा द्यायला लावलं. मग परत एकदा. गाण्याच्या शिकवणीत गुरुजी तीच जागा गळ्यात बसेपर्यंत घ्यायला लावतात, तसंच हे. तिसऱ्या खेपेला पोरीचा आवाज आपोआप खाली येतो, वाक्यं आखूड होतात, आणि ‘परीक्षकांनी या एकाच मुद्द्यावर आम्हाला का निवडावं’ हे ती समोर बघून सांगते. हे घडताना मी पाहिलं आहे आणि दर वेळी तितकाच आनंद होतो. क्रॉसफायरचंही तसंच. प्रश्नाला प्रश्न जोडत समोरच्याला एका कबुलीपर्यंत नेणं ड्रिलमध्येच येतं, आणि त्या ड्रिल जोडीजोडीने, शिकवणारा शेजारी उभा असताना व्हाव्या लागतात.

म्हणून दुसऱ्या पत्रकातलं दिवसाचं वेळापत्रक मला आवडलं. सकाळी एकच व्याख्यान, बाकी लॅब, दुपारी सराव-डिबेट आणि त्यानंतर रिडूला राखून ठेवलेला वेळ. पहिल्या कॅम्पात दिवसाला तीन-तीन व्याख्यानं आहेत. आमच्या संघातला एक गुणी मुलगा अशाच एका नावाजलेल्या कॅम्पला गेला होता. वही भरून टिपणं आणली, पण पंधरवड्यात धड भाषणं दिली ती बोटांवर मोजण्याइतकी. आईबापांनी कर्ज काढल्यासारखे पैसे भरले होते. तो अजूनही समरीला अडखळतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

शिकवणारे कोण, हे शोधायची एक चांगली वाट सांगतो. लॅब लीडर बहुतेक कॉलेजात शिकणारी मुलंमुली असतात, नुकतीच स्पर्धांतून बाहेर पडलेली. काही अप्रतिम शिकवतात. पण करंडक मिळवणं आणि नवख्या पोरीला समजेल असं सांगणं ही दोन वेगळी कामं. बरेच जण स्पर्धांना परीक्षक म्हणूनही जातात, आणि टॅबरूम या डिबेट स्पर्धांच्या संकेतस्थळावर बरेच परीक्षक आपली पॅराडाइम लिहून ठेवतात, म्हणजे ते डिबेट कसं जोखतात, त्यांना काय पटतं, काय खटकतं. खातं उघडून ती वाच. माणूस मुलांशी कसा बोलतो ते त्या परिच्छेदांतून कळतं. नुसत्या तांत्रिक अटी आणि धमक्या असतील तर मी दोनदा विचार करीन. ‘पहिल्यांदाच खेळत असाल तर घाबरू नका, नंतर येऊन विचारा’ असं कुणी लिहिलं असेल तर त्या लॅबमध्ये पोरगी रमेल. आणि हे नक्की विचार, की तो लॅब लीडर पूर्ण मुदत राहणार आहे का. पत्रकावर मोठी नावं असतात, त्यातली काही दोन दिवस येऊन भाषण देऊन जातात. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाच्या आकड्यात अशा पाहुण्यांनाच काय, वसतिगृहावरच्या देखरेखीच्या माणसांनाही धरलेलं असू शकतं. एका लॅबमध्ये मुलं किती आणि पूर्णवेळ शिकवणारे किती, एवढंच विचार.

वहिनींच्या विद्यापीठाच्या मुद्द्याबद्दल. शाळकरी मुलांना उन्हाळ्यात विद्यापीठात आणून शिकवायची रीत या देशात जुनी आहे. नॉर्थवेस्टर्नचा उपक्रम १९३१ पासून चालू आहे. मिशिगन, डार्टमथ अशा ठिकाणचे कॅम्पही डिबेटच्या जगात मानाने घेतले जातात. पण विद्यापीठाच्या आवारात भरणारा प्रत्येक कॅम्प विद्यापीठाचा नसतो. बऱ्याचदा बाहेरची संस्था उन्हाळ्यात रिकामी असलेली वसतिगृहं आणि वर्ग भाड्याने घेते. त्यात वाईट काही नाही, त्यांतले काही उत्तम शिकवतात. फक्त कॉलेज प्रवेशाच्या आशेने त्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

राहायचं की रोज जाऊन-येऊन करायचं, यावर मी तुझ्या बाजूने आहे, निदान या वर्षी. ती अजून लहान आहे, झोप मोडली की तिला त्रास होतो हे तूच लिहिलंयस, आणि राहण्याच्या कॅम्पांत रात्री उशिरापर्यंत फाइलींवर काम करणं मुलांना भूषण वाटतं. राहायचंच ठरलं, तर संकोच न करता विचारा: कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का, रात्री मजल्यावर जबाबदार मोठं माणूस कोण असतं, शिकवणाऱ्यांनी मुलांना खासगी संदेश पाठवण्याबद्दल लेखी नियम आहे का, तक्रार कोणाकडे करायची. चांगला कॅम्प हे सगळं एका दमात सांगतो. उत्तराला टाळाटाळ झाली तर तिथेच विषय संपला, मग तिथे कितीही मोठे विजेते शिकवत असोत.

जोडीदारिणीबरोबर जाण्याला माझी काही हरकत नाही. पब्लिक फोरम दोघींचा खेळ आहे, एकत्र शिकल्या तर हंगाम सोपा जाईल. फक्त सराव-डिबेटपैकी काही दुसऱ्या कुणाबरोबर खेळू दे. सध्या कठीण प्रश्न आले की आपली पोरगी मैत्रिणीकडे बघते, ते मी मागच्या स्पर्धेत पाहिलं.

पैशांचं तू ओझरतंच लिहिलंयस, पण मला कळलं. राहण्याचा कॅम्प म्हणजे काही हजार डॉलर, ही लहान रक्कम नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज करायला लाजू नकोस. बऱ्याच कॅम्पांत त्यासाठी वेगळा निधी असतो, पण त्याची मुदत प्रवेशाच्या मुदतीच्या आधी संपते आणि उशिरा येणाऱ्यांना उरलंसुरलंच मिळतं. दोन आठवडे तिला पुरेसे आहेत. तुमचा भारतात जायचा बेत जूनचा असेल तर जुलैच्या उत्तरार्धातलं सत्र घ्या, म्हणजे आजीकडचे दिवस कापावे लागणार नाहीत आणि शाळा सुरू होताना शिकलेलं ताजं असेल.

तेव्हा माझं मत दुसऱ्या कॅम्पला, दिवसाच्या सत्राला. पण पैसे भरण्याआधी त्यांना मेल जाऊ दे: पब्लिक फोरमच्या लॅब किती, एका लॅबमध्ये मुलं किती, लॅब लीडर कोण आणि पूर्ण मुदत आहे का, आठवड्याला सराव-डिबेट किती आणि प्रत्येकानंतर रिडू होतो का. मेल लेकीनेच लिहावी, तू फक्त वाचून बघ. शिकायचं तिला आहे, प्रश्नही तिनेच विचारावेत. उत्तर आलं की मला पाठव, आणि तिला सांग की काकाने समरीच्या सरावासाठी शनिवारची सकाळ मोकळी ठेवली आहे, कॅम्प ठरो न ठरो.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र